वॉटर्लूचा सिंह आणि त्याखालची माती



आजचा विषय एका टेकडीचा आहे. बेल्जियममध्ये ब्रसेल्स शहराच्या दक्षिणेला, ब्रेन-लालू नावाच्या गावाच्या हद्दीत ती उभी आहे. उंची चाळीस मीटरच्या थोडी वर, पायथ्याचा घेर सुमारे ५२० मीटर, माथ्यावर जायला २२६ पायऱ्या आणि माथ्यावर दगडी चौथऱ्यावर उभा असलेला एक ओतीव लोखंडाचा सिंह. सिंहाचा पुढचा पंजा पृथ्वीच्या गोलावर टेकलेला आहे आणि त्याची नजर फ्रान्सच्या दिशेला आहे. चौथऱ्यावर रोमन अंकांत एकच तारीख कोरलेली आहे, १८ जून १८१५. वॉटर्लूची लढाई त्या दिवशी झाली. पुस्तकांच्या वेष्टनांवर, टपाल तिकिटांवर, सहलीच्या माहितीपत्रकांवर वॉटर्लू म्हणून जे चित्र छापतात, ते या टेकडीचं असतं.

लढाई झाली त्या दिवशी मात्र तिथे ही टेकडी नव्हती. १८२० नंतर माणसांनी माती वाहून ती रचली. ती माती आणली कुठून, याची चौकशी केली की या स्मारकाची खरी गोष्ट सुरू होते. ज्या उंचवट्याच्या आधारानं ती लढाई जिंकली गेली, तोच उंचवटा खणून ही टेकडी उभी केली आहे. रणभूमीची आठवण राहावी म्हणून रणभूमीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग काढून घेतला गेला. मला आज तुमच्यापुढे एवढंच मांडायचं आहे की लढाईची पहिली साक्षीदार जमीन असते आणि वॉटर्लूला त्या साक्षीदाराचीच जबानी पुसली गेली.

ही जमीन कशी होती ते आधी डोळ्यांपुढे आणू. चार्लरुवाहून ब्रसेल्सकडे जाणारा सरळ रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे येतो. त्या रस्त्याला आडवी, पूर्व-पश्चिम पसरलेली एक बुटकी धार आहे, माँ-सँ-जाँ नावाच्या वस्तीच्या पुढे. तुम्ही-आम्ही सह्याद्री पाहिलेली माणसं तिला डोंगर म्हणणार नाही, टेकाडही म्हणणार नाही. शेतातला एक लांबट उंचवटा, एवढंच. त्याच्या माथ्यावरून ओएँ गावाकडे जाणारी गाडीवाट जाते आणि काही ठिकाणी ती वाट दोन्ही बाजूंच्या बांधांमधून खोल गेलेली होती. धारेच्या पुढे, फ्रेंचांच्या बाजूला, तीन आसरे होते. पश्चिमेला ऊगुमाँची गढीवजा वाडी, मधोमध रस्त्याला लागून ला हे सेंतचा वाडा आणि पूर्वेला पापलोतचं शेतघर.

नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या फौजेचा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन. त्यानं आपलं सैन्य या धारेवर मांडलं. खरं म्हणजे धारेच्या मागे मांडलं, आणि त्याच्या लढण्याच्या पद्धतीचं मर्म इथेच आहे. पायदळाच्या बहुतेक पलटणी त्यानं पलीकडच्या उतारावर ठेवल्या, समोरून दिसणार नाहीत अशा. नेपोलियन मुळात तोफखान्याचा अधिकारी. त्याच्या तोफांना धारेपलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि आदल्या रात्री धो धो पाऊस पडून गेल्यामुळे मऊ झालेल्या जमिनीत तोफगोळे टप्पे घेत पुढे जाण्याऐवजी रुतत होते. फ्रेंच फौज उतार चढून वर यायची, धारेच्या माथ्यावर पोचायची, आणि तिथे हाताच्या अंतरावर तिला ताजं, न मोडलेलं पायदळ उभं दिसायचं. त्या दिवशी हे पुन्हा पुन्हा घडलं. दुपारी दीडच्या सुमाराला फ्रेंच सेनापती देर्लोंच्या पायदळाचं हेच झालं. चारनंतर मार्शल नेच्या घोडदळाच्या लाटा धार ओलांडून आल्या आणि पलीकडे चौकोन करून उभ्या असलेल्या पलटणींवर आदळून फुटल्या. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला नेपोलियनची शाही गारद चढून आली तेव्हा ब्रिटिश गार्ड पलटणी गाडीवाटेच्या बांधाआड जमिनीवर आडव्या पडून होत्या. त्या हुकूम होताच उठल्या. तोवर पूर्वेकडून वेलिंग्टनच्या मदतीला ब्लूखरची प्रशियन फौज प्लांसन्वा गावात उतरली होती, आणि लढाईचा निकाल लागला.

आकडे थोडक्यात सांगतो. नेपोलियनचे सुमारे ७२,०००, वेलिंग्टनचे सुमारे ६८,००० आणि दिवसभरात येऊन पोचलेले प्रशियन सुमारे ५०,०००. वेलिंग्टनच्या सैन्यात निखळ ब्रिटिश माणसं जेमतेम तिसरा हिस्सा होती. बाकीचे हॅनोव्हरचे, ब्रन्सविकचे, नासाउचे, डच आणि बेल्जियन. एका दिवसात आणि काही चौरस किलोमीटरांत मिळून चाळीस हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली.

या सगळ्यांमध्ये एक जखम अशी होती की तिच्यासाठी टेकडी उभी राहिली. ऑरेंजचा राजपुत्र विलेम हा नेदरलंड्सचा युवराज. वय बावीस. वेलिंग्टनच्या एका कोअरचं सेनापतिपद त्याच्याकडे होतं, ते वडिलांच्या सिंहासनामुळे. संध्याकाळच्या धुमश्चक्रीत त्याच्या खांद्यात बंदुकीची गोळी लागली आणि त्याला मैदानातून हलवण्यात आलं. जखम जिवावरची नव्हती, तो बरा झाला. जिथे तो पडला असं मानलं जातं, तिथे राजा पहिल्या विलेमनं स्मारक करायचं ठरवलं.

याच राजपुत्राचं त्याच मैदानावरचं दुसरं एक कृत्य आहे, त्याची खूण मात्र या टेकडीवर नाही. ला हे सेंतचा वाडा सांभाळण्याची जबाबदारी ब्रिटिश राजाच्या जर्मन तुकडीतल्या मेजर बारिंगच्या माणसांवर होती. त्यांच्या रायफलींना वेगळी काडतुसं लागत आणि ती संपली. बारिंग पुन्हा पुन्हा मागत राहिला, काडतुसं आली नाहीत. संध्याकाळी सहा-साडेसहाला फ्रेंचांनी वाडा घेतला तेव्हा बारिंगबरोबर बेचाळीसच माणसं बाहेर पडली. वाडा पडत असताना तो परत घेण्यासाठी कर्नल ओम्प्टेडाला पलटण रांगेत पसरून उतारावरून खाली नेण्याचा हुकूम झाला. जवळ फ्रेंच घोडेस्वार आहेत, रांगेत गेलो तर ते कापून काढतील, हे ओम्प्टेडानं सांगितलं. हुकूम कायम राहिला. तो घोड्यावरून सगळ्यांच्या पुढे निघाला, तो मारला गेला आणि त्याची पलटण जवळजवळ नाहीशी झाली. त्या हुकुमाचा दोष बहुतेक इतिहासकार राजपुत्राला देतात. काही जण त्याची बाजूही घेतात, बावीस वर्षांच्या पोरावर नको तेवढा भार टाकला असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण स्मारक कुणाच्या खांद्यासाठी झालं आणि कुणाच्या मरणासाठी झालं नाही, हे त्या जागेवर उभं राहिल्यावर मनातून जात नाही.

राजाला हे स्मारक इतकं मोठं का हवं होतं? निव्वळ बापाचं प्रेम म्हणून हे समजत नाही. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत बेल्जियम आणि हॉलंड जोडून एक नवं राज्य तयार करण्यात आलं. दक्षिणेला फ्रेंच बोलणारे आणि फ्लेमिश, बहुतेक कॅथलिक. उत्तरेला डच, बहुतेक प्रोटेस्टंट. फ्रान्सला उत्तरेकडून अडवायला एक भक्कम राज्य हवं, हा मोठ्या सत्तांचा हिशेब. त्या जोडलेल्या राज्याला एक जन्मकथा हवी होती. राजपुत्रानं रक्त सांडलं, या मातीसाठी सांडलं, आणि त्या रक्तातून राज्य उभं राहिलं अशी. सिंह त्या राजघराण्याच्या आणि राज्याच्या निशाणीवरचा. वॉटर्लूच्या मैदानावर बेल्जियन माणसं दोन्ही बाजूंनी लढली होती, कारण त्याआधीची वीस वर्षं त्यांचा मुलूख फ्रान्समध्येच होता. ही गोष्ट त्या जन्मकथेत बसणारी नव्हती.

आराखडा केला वास्तुशिल्पी चार्ल्स व्हान देर स्त्राटेन यानं. मधोमध विटांचा एक भक्कम खांब उभा करायचा, त्याच्यावर सिंहाचं वजन येईल, आणि खांबाभोवती माती रचत न्यायची. माती किती लागली? सुमारे तीन लाख घनमीटर. आकडा नुसता ऐकून कळत नाही म्हणून तो शेतकऱ्याच्या हिशेबात मांडतो. सदतीस एकर रान पुरुषभर, म्हणजे दोन मीटर खोल खरवडून काढलं तर एवढी माती निघेल. ही माती ला हे सेंतचा वाडा आणि माथ्यावरची गाडीवाट यांच्या मधल्या शेतांतून काढली. म्हणजे नेमकी त्या धारेवरून आणि तिच्या पुढच्या उतारावरून.

काम करणाऱ्यांमध्ये लिएजच्या बाजूच्या बायका होत्या. त्यांना तिकडे बोतरेस म्हणत. कोळशाच्या खाणींच्या त्या मुलखात पाठीवर वेताची खोलगट टोपली बांधून कोळसा घरोघर पोचवणं हे त्यांचं रोजचं काम. त्याच टोपल्यांतून त्यांनी माती वर नेली. घोडागाड्या होत्याच, पण उतार चढत गेला तशी टोपलीच उपयोगी पडली असणार. चाळीस मीटर उंचीचा मातीचा शंकू पाठीवरून रचला गेला, ही गोष्ट पायऱ्या चढताना धाप लागली की अंगानं समजते. त्या बायकांचं एकही नाव कुठे कोरलेलं नाही. मला हे स्मारक जितकं राजपुत्राचं वाटतं, त्याहून जास्त त्यांचं वाटतं.

सिंह घडवला शिल्पकार व्हान गेल यानं. तो ओतला लिएजला, कॉकरिल घराण्याच्या लोखंड कारखान्यात. कॉकरिल मूळचे इंग्लंडमधले, आणि युरोपच्या मुख्य भूमीवर यंत्रयुग आणणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. सिंहाचं वजन सुमारे २८ टन, उंची साडेचार मीटरच्या आसपास. तो एकसंध नाही. नऊ भागांत ओतून, कालव्यातून ब्रसेल्सपर्यंत नावेनं आणि पुढे गाड्यांवर घालून माँ-सँ-जाँला आणला आणि १८२६ साली माथ्यावर चढवला. मैदानात सापडलेल्या फ्रेंच तोफा वितळवून हा सिंह केला अशी एक दंतकथा वाटाडे अजून सांगतात. ती ऐकायला छान आहे, पण त्या काळच्या मैदानी तोफा बहुतेक काशाच्या असत, आणि सिंह लोखंडाचा आहे.

आता त्या जमिनीकडे वळतो. धार सपाट झाल्यावर नेमकं काय गेलं?

व्हिक्टर ह्युगोनं आपल्या प्रसिद्ध कादंबरीत वॉटर्लूवर मोठा भाग लिहिला आहे. १८६१ साली तो माँ-सँ-जाँच्या एका खाणावळीत मुक्काम करून हे मैदान पायाखाली घालत होता. लढाईनंतर दोन वर्षांनी वेलिंग्टन इथे परत आला आणि आपली रणभूमी बदलून टाकली म्हणून हळहळला, अशी हकीकत ह्युगो देतो. तारखा जुळत नाहीत. दोन वर्षांनी, म्हणजे १८१७ साली, तिथे टेकडीचा पत्ताच नव्हता. त्यामुळे ते उद्गार मी पुरावा म्हणून घेत नाही. पण ह्युगोची तक्रार खरी आहे, आणि ती जमिनीवरच तपासून पाहता येते.

धारेच्या माथ्यावरची गाडीवाट ब्रसेल्सच्या रस्त्याला जिथे छेदते, त्या चौकात, रस्त्याला लागून, गॉर्डनचं स्मारक आहे. सर अलेक्झांडर गॉर्डन हा वेलिंग्टनचा खासगी लष्करी साहाय्यक. लढाईत त्याला जबर जखम झाली आणि वॉटर्लू गावात वेलिंग्टनच्याच बिछान्यावर त्यानं प्राण सोडला. त्याच्या भावंडांनी १८१७ साली एक अर्धवट तुटलेला खांब उभा केला, अकाली मरणाची खूण म्हणून. तो टेकडीच्या आधीचा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवा. उभा केला तेव्हा तो जमिनीवर उभा होता. आज तो एका हिरव्या टेपावर आहे आणि त्याच्यापर्यंत जायला पायऱ्या चढाव्या लागतात. खांब कुणी उचलला नाही. आजूबाजूची जमीन खाली गेली. गॉर्डनच्या कुटुंबाचा मान राखून तेवढा तुकडा खणायचा सोडला, आणि त्यामुळे त्या एका तुकड्यावर १८१५ सालची जमिनीची पातळी शिल्लक राहिली. त्या पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून मान वर केली की जितकी उंची दिसते, तितकी धार त्या भागातून गेली. मोठ्या टेकडीवर येणाऱ्या लाखो पर्यटकांपैकी फार थोडे या टेपाकडे वळतात. मला विचाराल तर संपूर्ण वॉटर्लूमध्ये सगळ्यात बोलकं स्मारक हेच.

नशिबानं दुसरा एक आधार आहे. व्हिलेम क्रान नावाच्या भूमापकानं टेकडीचं काम सुरू होण्यापूर्वी मैदानाची मोजणी करून १८१६ साली तपशीलवार नकाशा छापला होता. पुढे १८३० साली इंग्रज लेफ्टनंट विल्यम सायबोर्न आला. ला हे सेंतमध्ये आठ महिने राहून त्यानं मैदान पुन्हा मोजलं आणि त्यावरून लढाईची मोठी प्रतिकृती बनवली. दुर्दैव असं की तो आला तेव्हा माती उचलून झाली होती. ज्या बारकाईनं त्यानं वाडे, बांध, पिकं दाखवली, ती बारकाई मधल्या धारेला देता येण्यासारखी नव्हती, कारण ती धार त्याच्या डोळ्यांपुढे नव्हती.

इथे मला वेलिंग्टनबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तो आपल्याला परका नाही. वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी तो आपल्या मुलखात होता, तेव्हा त्याचं नाव आर्थर वेलस्ली. ऑगस्ट १८०३ मध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ आसई इथे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली. नोव्हेंबरमध्ये अडगाव, डिसेंबरमध्ये गाविलगड. आसईला शिंद्यांची कवायती पायदळं आणि तोफखाना असा काही लढला की वेलस्लीच्या छोट्या फौजेतली सुमारे सोळाशे माणसं कामी आली किंवा जखमी झाली. म्हातारपणी कुणी विचारलं की आयुष्यात सगळ्यात चांगली लढाई कोणती लढलात, तर तो आसईचं नाव घ्यायचा, वॉटर्लूचं नाही, असं सांगतात.

त्या दिवशीचा एक प्रसंग आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. वेलस्ली केळणा नदीच्या दक्षिण काठावर होता आणि पलीकडे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मराठ्यांची फौज. समोरून ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. दुसरीकडे कुठेच उतार नाही, असं वाटाडे शपथेवर सांगत होते. त्याला दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वारूर. इतकी जवळ वसलेली गावं एकमेकांकडे जाण्यायेण्याची वाट ठेवल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणजे मध्ये नदीला उतार असणारच, हे त्यानं ताडलं. उतार होता. तो तिथून पलीकडे गेला आणि मराठी फौजेच्या बगलेवर आला. शिंद्यांच्या कंपूंनी तितक्याच चपळाईनं आपली संपूर्ण फळी त्याच्याकडे वळवली, हे त्यांच्या कवायतीचं कौतुक. पण मला सांगायचं आहे ते वेलस्लीच्या नजरेबद्दल. गावं, नदी, उतार, झाडी यांच्यावरून जमीन वाचणारा हा माणूस. आसईला त्यानं नदीचा उतार वाचला, वॉटर्लूला धारेची पाठ वाचली. अशा सेनापतीची लढाई समजून घ्यायची तर जमीन जशीच्या तशी हवी. वॉटर्लूला जो भाग काढून टाकला, तो त्याच्या लढाईचा मुख्य परिच्छेदच होता.

आसईला राजानं उभारलेली टेकडी नाही, सिंह नाही. दोन्ही नद्या आहेत, काठावरची गावं आहेत, शेतं आहेत. त्या जमिनीवर पुढेमागे कुणी काही भव्य उभारायला निघालं, तर त्याच्या हातात आधी मोजणीची साखळी द्या आणि कुदळ मागाहून द्या, असं मी या व्यासपीठावरून कळकळीनं म्हणतो.

वॉटर्लूच्या मातीत आणखी काही होतं. लढाईनंतरचे दिवस जूनचे, उकाड्याचे. हजारो माणसं आणि घोडे मोठमोठ्या खड्ड्यांत घाईघाईनं पुरले गेले, काही जाळले गेले. ज्या पट्ट्यात सगळ्यात घनघोर लढाई झाली, तिथलीच माती टेकडीसाठी उपसली. त्या मातीबरोबर काय काय वर गेलं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. मृतांचे दात उपटून कवळ्यांसाठी विकले गेले आणि इंग्लंडमध्ये अशा दातांना वॉटर्लूचंच नाव पडलं. पुढे हाडांना भाव आला. बीटपासून साखर बनवण्याचा धंदा त्या भागात १८३० नंतर जोरात आला, आणि साखरेचा रस गाळून पांढरा करायला हाडांचा कोळसा लागायचा. इतक्या मोठ्या लढाईच्या मानानं वॉटर्लूला सापळे इतके कमी का सापडतात, याचं उत्तर अलीकडे काही इतिहासकारांनी आणि पुरातत्त्ववाद्यांनी जुने कागद तपासून दिलं आहे. थडगी उकरून हाडं साखर कारखान्यांकडे गेली, असं त्यांचं म्हणणं आहे. अख्खा सापळा सापडणं ही तिथे बातमी होते. २०१२ साली टेकडीजवळ नव्या संग्रहालयाच्या कामात एक सापळा मिळाला. बरगड्यांमध्ये बंदुकीची गोळी तशीच होती. तो हॅनोव्हरच्या एका साध्या शिपायाचा असावा असा तर्क झाला.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवतो. वेलिंग्टनच्या घोडदळाचा सेनापती लॉर्ड अक्सब्रिज याचा पाय तोफगोळ्यानं गेला. तो पाय वॉटर्लू गावातल्या एका घराच्या बागेत पुरला, त्यावर लेख कोरलेला दगड बसवला आणि कित्येक वर्षं प्रवासी तो पाहायला येत. लॉर्डच्या पायाला थडगं, राजपुत्राच्या खांद्याला टेकडी, आणि शिपायांची हाडं साखरेच्या भट्टीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात शिपाई म्हणजे काय होता, हे मला कुठल्याही ग्रंथापेक्षा या तीन गोष्टींतून कळलं. साध्या शिपायाचं नाव दगडावर कोरायचं, प्रत्येकाचं कोरायचं, ही रीत तिथे खऱ्या अर्थानं रुजायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. त्याच बेल्जियममध्ये ईपर शहराच्या मेनिन वेशीवर ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा पन्नास हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत, आणि त्यांत हिंदी सैनिकांचीही आहेत.

राजाच्या हिशेबाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सिंह चढला १८२६ मध्ये. १८३० मध्ये बेल्जियनांनी उठाव केला आणि ते राज्य फुटलं. ज्या राज्याची जन्मकथा म्हणून टेकडी रचली, ते टेकडी पुरी झाल्यावर चार वर्षं टिकलं. १८३१ साली डच फौज घेऊन बेल्जियमवर चालून आला तो हाच, खांद्यात गोळी लागलेला राजपुत्र. टेकडी आता परमुलखात गेली होती. १८३२ साली फ्रेंच फौज बेल्जियनांच्या मदतीला, अँटवर्पच्या किल्ल्यातून डचांना हुसकायला निघाली. वाटेत काही शिपायांनी वर चढून सिंहाच्या शेपटीची मोडतोड केली अशी हकीकत आहे. त्याच सुमाराला बेल्जियमच्या संसदेत हा सिंह उतरवावा अशी सूचनाही आली. एका परक्या राजघराण्याची निशाणी, आणि ज्या फ्रान्सनं स्वातंत्र्याला हात दिला त्याच्याकडे डोळे वटारून उभी. ती मागणी मला अवाजवी वाटत नाही. सिंह राहिला, आणि हळूहळू तो कुणाचाच राहिला नाही म्हणून सगळ्यांचा झाला.

बाकीची स्मारकं आजूबाजूला उगवली. प्लांसन्वाला प्रशियनांचा ओतीव लोखंडाचा मनोरा शिंकेलच्या आराखड्याचा. फ्रेंचांचं पहिलं ठळक स्मारक यायला १९०४ उजाडलं, ते जेरोमनं घडवलेलं जखमी गरुडाचं. हरलेल्यांना आपल्या पराभवाच्या जागेवर उभं राहायला नव्वद वर्षं लागली. १९१२ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी एका गोल इमारतीत लुई द्युमूलँचं ११० मीटर लांबीचं वर्तुळाकार चित्र बसलं, मधोमध उभं राहून पाहण्याचं. त्यात नेच्या घोडदळाची धाव आहे. आणि मग १९१४ साली, २६ मार्चला, बेल्जियमनं कायदा करून या मैदानावर नवं बांधकाम आणि मोडतोड यांना बंदी घातली. रणभूमी म्हणून जमीन राखण्यासाठी केलेल्या युरोपातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. शंभर वर्षं उशिरा, पण शहाणपण आलं. आज ब्रसेल्सची उपनगरं अगदी अंगाशी येऊन ठेपली असताना टेकडीच्या चहूबाजूंना गहू आणि बटाट्याची शेतं दिसतात, ती त्या कायद्यामुळे. द्विशताब्दीच्या वेळी, २०१५ मध्ये, नवं संग्रहालयही जमिनीखाली बांधलं. आणखी एक उंचवटा करायचं टाळलं, याचं मला फार समाधान वाटतं.

त्याच वर्षी बेल्जियमनं दोन युरोच्या नाण्यावर ही टेकडी छापायचं ठरवलं. नाणी पाडूनही झाली होती. दोन युरोचं नाणं फ्रान्समध्येही चालतं, आणि फ्रान्सनं हरकत घेतली. बेल्जियमनं ती नाणी मागे घेतली. मग अडीच युरोचं नाणं काढलं, कारण अशा वेगळ्या किमतीचं नाणं फक्त आपल्या देशात चालवण्याची मुभा नियमांत होती. पराभवाला दोनशे वर्षं झाली होती, दोन्ही देश एकाच संघात, एकाच चलनात होते, आणि तरी टेकडीचं चित्र खुपलं.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाल तर एक क्रम सांगतो. सगळे आधी पायऱ्या चढतात. वरून मैदान सपाट दिसतं, इतकं सपाट की लढाईत अवघड काय होतं तेच कळत नाही. म्हणून टेकडी शेवटी ठेवा. आधी चौकात जाऊन गॉर्डनच्या खांबाच्या पायऱ्यांशी उभे राहा, गेलेली उंची पाहा. समोर रस्त्यापलीकडे ब्रिटिश राजाच्या त्या जर्मन तुकडीचं दगडी स्मारक आहे, त्यावर ओम्प्टेडाचं नाव वाचा. मग रस्त्याच्या कडेकडेनं, वाहनं सांभाळून, ला हे सेंतपर्यंत उतरा. वाडा अजून आहे, खासगी आहे, फाटकाबाहेरूनच पाहायचा. तिथे उत्तरेकडे तोंड करा आणि ज्या चढावरून फ्रेंच पायदळ गेलं तो चढ पाहा. गॉर्डनच्या टेपाएवढी उंची मनानं त्यावर चढवा. पलीकडे काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही, त्यांनाही दिसलं नव्हतं. एवढं झाल्यावर ऊगुमाँकडे चालत जा, शेतातून वाट आहे, अर्ध्या-पाऊण तासाची. सिंहाकडे मग जा, आणि वर पोचलात की फ्रान्सच्या दिशेला पाहण्याआधी उत्तरेला वळून धारेच्या मागचा उतार नीट न्याहाळा. तिथली जमीन बऱ्याच अंशी जुनीच आहे.